पाण्याखालची बाग

दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चार वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने त्याचे डोळे नेले, पण सिनेमाचं वेड काही गेलं नाही. त्यातही एका म्हाताऱ्या चित्रकाराच्या, हाताने काढलेल्या कार्टूनपटांचं. लहानपणापासून आम्ही दोघं त्याचे भक्त. आता मी शेजारी बसून कानात सांगायचं, त्याने ऐकायचं. मागच्या रांगेतली कोपऱ्यातली जागा घेतो, म्हणजे कुणी 'श्श' करून गप्प करत नाही.

म्हाताऱ्याचा हा शेवटचा सिनेमा, अकरा वर्षं खपून केलेला. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. "हा मला नीट बघायचाय," म्हणाला. बघायचाय! माझा जीव गलबलला.

सिनेमा सुरू झाला आणि दहा मिनिटांत माझं डोकं फिरलं. एक मुलगी जिना उतरते, तिची आजी होते, आजीचा पक्षी होतो, मग तीच मुलगी येऊन स्वतःलाच पत्र देते. ना शेंडा ना बुडखा! दादा आपला विचारतोय, "पुढे?" काय सांगू, कपाळ? अकरा वर्षं वाट बघायला लावून म्हाताऱ्याने आमच्या तोंडाला पानं पुसली होती. इतका राग आला, की रडू फुटायचंच बाकी होतं.

मी शिवणकाम करणारी बाई. उसवलेलं दिसलं की हात शिवशिवतात. मी सरळ थापा मारायला लागले. मुलीची आई हरवलीय, पक्षी वाट दाखवतोय, पत्रात आईचा पत्ता आहे. शेवटी मायलेकींची गाठही घालून दिली. पडद्यावर तेव्हा नुसती रिकामी खुर्ची होती. दादाने डोळे पुसले. निभावलं बाई, मी मनात म्हटलं.

बाहेर पायऱ्यांवर आमच्या पुढची बाई नवऱ्याला सांगत होती, "मला तर ओ की ठो कळलं नाही. पण ती पाण्याखालची बाग! डोळ्यांचं पारणं फिटलं."

दादा थांबला. "बाग होती?"

"होती."

"किती वेळ?"

"असेल दहा मिनिटं."

"मग सांगितली का नाहीस?"

"अरे, गोष्टीत तिचं काही कामच नव्हतं. मुळात गोष्टच नव्हती, दादा. मीच जुळवली. तुझा विरस होऊ नये म्हणून."

मला वाटलं, चिडेल. निदान गाढव तरी म्हणेल. तो कठडा धरून उभा राहिला. लोक बाजूने उतरत होते.

"गोष्ट काय, मी घरी बसूनही रचली असती गं," तो म्हणाला. "म्हाताऱ्याने रंगवलेलं तेवढं मला हवं होतं. बरं, आता सांग. पाण्याला हिरवट झाक होती की निळी?"

मी तोंड उघडलं. पाणी होतं, मासे होते, बहुतेक झाडंही असावीत. पण ती दहा मिनिटं मी पत्रात काय लिहिलंय त्याची जुळवाजुळव करत होते.

"दादा," मी म्हटलं, "मी बघितलंच नाही रे."