एमायेचा नवस

"जायचं तर एकवीसलाच. नाहीतर नको," एमाये म्हणाली आणि पुन्हा मसूर निवडायला लागली.

मी जमिनीवर पालथी पडून नकाशा रंगवत होते. हातातला हिरवा पेन हातातच राहिला. कारण एमाये, माझी आई, हट्ट करत नाही. ती फारसं बोलतच नाही. सरकारी रुग्णालयाच्या धुलाईघरात ती माझ्या जन्माच्या आधीपासून चादरींना इस्त्री करते. तिथे यंत्रांचा एवढा धडधडाट असतो की बोलून उपयोगच नाही, आणि तीच सवय घरी आलेली.

सहल माझी होती. म्हणजे कल्पना माझी, नकाशा माझा, वेळापत्रकही माझंच. इतिहासाच्या बाईंनी वर्गात विचारलं होतं, "आदिस अबाबाच्या एवढ्या जवळ आहे, तिया कोणी पाहिलंय?" एकही हात वर गेला नाही. मला इतकी लाज वाटली की त्याच संध्याकाळी मी मामाकडे जाऊन त्याची गाडी मागून आले. एका दिवसात तीन जागा! मेल्का कुंतुरेची आदिमानवाची दगडी हत्यारं, तियाचे कोरलेले उभे दगड, आणि आदादी मरियम, खडकात खाली खोदत नेलेलं जुनं चर्च.

अबायेंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं वेळापत्रक डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचलं, "सहा चाळीस, सोलियानाला उलटी, कंसात 'शक्यता'." ते हसत सुटले. "ही सहल आहे की लष्कराची मोहीम?"

"मी नाही उलटी करणार!" माझी आठ वर्षांची बहीण सोलियाना ओरडली.

"मागच्या वेळी माझ्या बुटात केलीस," मी म्हणाले. "अबाये, पुढे वाचा ना. नाताळाआधीचे उपास चालू आहेत, म्हणून डब्यात दूध, लोणी, मांस काही नाही. प्रार्थना संपेपर्यंत एमाये पाणीसुद्धा पिणार नाही, म्हणून चर्च आधी, दगड नंतर."

"म्हणजे मीही दुपारपर्यंत उपाशी?"

"तुम्ही गाडीमागे जाऊन भाजलेले जव खा. आम्ही डोंगर बघत राहू."

सगळं जमलं होतं, फक्त तारीख सोडून. मी हिदार महिन्याची अठ्ठावीस धरली होती. एकवीस म्हणजे मरियममातेचा सण, तोबा गर्दी. "एमाये, अठ्ठावीसला रस्ता मोकळा असेल. पाय ठेवायला जागा मिळेल तुला."

ती निवडत राहिली. मग खाली मान घालूनच बोलली. "तू सातव्या महिन्यात झालीस. एवढीशी. डॉक्टर म्हणाले, रात्र काढली तर बघू. मी आदादी मरियमला बोलले, हिला जगव, तुझ्या सणाला हिला घेऊन येईन." तिने एक खडा बाजूला टाकला. "कधी सुट्टी नाही मिळाली. कधी गाडी नव्हती. सोळा वर्षं झाली."

मी अठ्ठावीसवर काट मारली आणि एकवीसभोवती एवढं मोठं सोनेरी वर्तुळ काढलं की कागद फाटला.

एकवीस ठरवताना मी आणखी एक गोष्ट मोजली होती, जी वेळापत्रकात लिहिता येत नव्हती. माझी पाळी. अडचणीच्या दिवसांत आमच्याकडे बाया चर्चमध्ये जात नाहीत, बाहेर उभ्या राहतात. पण एकवीसनंतरही पाच दिवस हाताशी होते. मी दोनदा मोजलं होतं.

एकवीसला पहाटे निघालो. सोलियानाने सहा पस्तीसला उलटी केली. आदादीच्या फाट्यावरच्या पेट्रोलपंपाशी मी संडासात गेले आणि तिथेच कळलं की माझे पाच दिवस माझ्या मोजणीत होते, माझ्या पोटात नव्हते.

पुढचा कच्चा रस्ता मी खिडकीबाहेर बघत काढला. कोणाला कळणार होतं? पिशवीत सगळं सामान होतं. पांढरी नेतेला, आमची तलम ओढणी, डोक्यावरून घ्यायची, खाली उतरायचं, एमायेचा हात धरायचा. नवस माझ्यासाठी, तो फेडायलाही मीच हवी. एमायेने आरशात बघून नेतेलाची कड सारखी केली, पुन्हा केली. तिला एवढं नटताना मी कधी पाहिलं नव्हतं.

गाडी थांबली. कुंपणापलीकडे चर्च दिसतच नव्हतं, ते जमिनीच्या खाली. गवत, झाडं, आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं एकेक करून जमिनीत उतरत होती. खालून ढोलाचा आवाज येत होता, थेट पायांत.

एमायेने बूट काढले. "चल, मेकलित."

"मी आत येऊ शकत नाही," मी म्हणाले. गाडीत इथवर येताना मी दुसरंच काहीतरी ठरवलं होतं, पण तिच्या अनवाणी पायांकडे बघून तोंडातून हेच आलं. "आत्ताच, फाट्यावर..."

तिला लगेच कळलं. ती वाकली आणि बूट पुन्हा घालायला लागली. "मग मीही इथेच थांबते. पुढच्या वर्षी येऊ."

"अजिबात नाही!" माझा आवाज इतका चढला की दोन बायांनी मागे वळून पाहिलं. "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत मी माझं लग्न होईपर्यंत बाहेरच राहीन. एमाये, तू जा. मी कुठे पळून चालले नाही." मी तिच्या हातातून बूट काढून घेतले आणि पाठीमागे लपवले. अबायेंनी दुसरीकडे बघत सोलियानाचा हात धरला. फार समजूतदार आहेत ते, फक्त जेवणाच्या बाबतीत नाहीत.

एमाये गेली. तिचं पांढरं डोकं गवतात बुडालं.

मी बूट घेऊन झाडाखाली आले. तिथे दहा-बारा बाया आधीच उभ्या होत्या. कोणी लेकुरवाळी, कोणी माझ्याएवढी. तिथे कारण कोणी विचारत नाही. एका म्हातारीने सरकून जागा दिली. "ये पोरी. आत धक्काबुक्की असते. गाणं इथेच नीट ऐकू येतं."

"तुम्ही आत जात नाही, आजी?"

"त्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना घाबरतात," ती म्हणाली, आणि मी खुदकन हसले.

एमाये बऱ्याच वेळाने वर आली. कपाळावर घाम, पायांना लाल माती. मी काही विचारायच्या आत ती बोलायला लागली. भिंत खडकाचीच आहे, हात लावला तर गार. खिडक्यांवर क्रूस कोरलेत, प्रत्येक वेगळा. मधे एवढा अंधार की आधी फक्त मेणबत्त्या दिसतात, मग माणसं. ती भराभर, हात हलवत सांगत होती. अबाये तोंड उघडं टाकून ऐकत होते.

"आणि नवस?" मी विचारलं.

"सांगितलं तिला."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, मुलगी आणलीय. वर झाडाखाली उभी आहे, आज तिला आत येता येत नाही. तूही बाईमाणूस आहेस, तुला काय समजावायचं. जरा वर ये आणि बघून जा."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. "मग? येते म्हणाली?"

एमायेने माझ्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं, नेतेला माझ्या डोक्यावरून पुढे ओढली आणि माझ्या नि चर्चच्या मधून एक पाऊल बाजूला झाली.

"सरळ उभी राहा," ती म्हणाली.

मी उभी राहिले.