तलाव माझ्या गळ्यात पडला तो हिवाळा

घरामागचा पोहण्याचा तलाव यांनी हौसेने बांधला आणि बारा वर्षं मला त्याला हात लावू दिला नाही. क्लोरीन किती, पंप किती तास, सगळं यांच्या डोक्यात. पानगळ सुरू झाली तेव्हा यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं आणि तलाव माझ्या गळ्यात पडला.

नणंद म्हणाली, हा पांढरा हत्ती कशाला पोसता, माती टाकून बुजवा. मुलाने फोनवर सांगितलं, निदान रिकामा तरी कर. शेवटी मी पंपवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, इथे जमिनीतलं पाणी वर आहे, तलाव रिकामा केलात तर खालून दाब येऊन फरशी उचलली जाईल. पाणी राहू द्या, रोज पानं काढा, कडाक्याच्या थंडीत पंप रात्रंदिवस चालवा. वाहतं पाणी सहसा गोठत नाही.

तसं मी करू लागले. हे खिडकीशी बसून बघत. मी जाळी उलट्या बाजूने ओढली की काठीने काच ठोकत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण शेजारी बघतील म्हणून हे खोलीबाहेर पडत नसत. वॉकर कोपऱ्यात उभा. त्यावर मी टॉवेल वाळत घालायचे.

ऐन थंडीत एकदा रात्री वीज गेली. सकाळी आली, तेव्हा पंप नुसता घुमत होता, पाणी हलेना. पाइपात बर्फ धरला होता. मी आत धावले, पातेलंभर पाणी उकळलं आणि घेऊन आले. ओतणार तोच मागचं दार वाजलं. हे वॉकर धरून उंबऱ्यात उभे होते, पायात मोजेही नाहीत.

"बटण," ते म्हणाले. मला कळेना. "आधी... बटण बंद."

मी पंप बंद केला.

"उकळतं नको. तडकेल. कोमट... फडकं."

मी कोमट पाण्यात फडकी भिजवून पाइपाला गुंडाळत राहिले. हे वीसेक मिनिटं उभे होते, मग मी खुर्ची आणि शाल आणून दिली. तासाभराने पाणी वाहू लागलं. पंपाच्या झाकणाला केसाएवढी चीर गेली होती, ते पुढे बदलावं लागलं. बाकी निभावलं.

"सगळं नीट करत होतीस," हे म्हणाले.

"मग रोज काच कशाला ठोकत होतात?"

त्यांनी बराच वेळ शब्द शोधला. "कंटाळा."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांचे पाय बर्फासारखे गार पडले होते. ते चोळत मी तिथेच बसले.

त्या दिवसापासून हे रोज अकरा वाजता बाहेर येऊ लागले, शेजारी असोत वा नसोत. हिवाळा सरता सरता पाणी जरा हिरवट झालं, एवढंच. क्लोरीन कमी पडलं होतं. ती चूक मात्र माझी नव्हे. माप यांनीच सांगितलं होतं.