जखम नसलेल्यांची खोली

१९७९ साली पंख्यांच्या त्या कारखान्यातले जुने कर्मचारी अधिकारी निवृत्त झाले. त्यांच्या रिकाम्या खुर्चीत कोण बसणार, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. ताईच बसणार. दुसरं होतं कोण?

सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून वयानं कितीतरी मोठे कारागीरसुद्धा. कागदोपत्री ती कर्मचारी विभागातली सहायक. पण भरतीच्या मुलाखती ती ठरवायची, रजांवरून जुंपलेली भांडणं ती सोडवायची, गणवेश आखूड आले की शिंप्याशी ती हुज्जत घालायची. जुने अधिकारी सही करत. सही मात्र झोकदार होती.

आणखी एक काम तिच्या गळ्यात पडलं होतं. वाईट बातमी सांगण्याचं.

कारखान्याच्या मधोमध चाचणीची शेड होती. नवे पंखे तिथे रांगेनं टांगून दिवसभर फिरवत. त्या घोंघाटामुळे तिथली माणसं ओरडून बोलायची, आणि घरी जाऊनही आवाज खाली यायचा नाही. एकदा मोटरच्या तारा गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातल्या एका कारागिराला बढती नाकारल्याचं मोठ्या साहेबांनी त्या शेडमध्येच सांगितलं. म्हणजे ओरडूनच, सगळ्यांदेखत. तो माणूस हातातलं काम टाकून तडक घरी गेला. ताईनं त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोची चार बोलणी खाऊन, त्याला परत आणला. तेव्हापासून साहेबांना सवयच लागली. "ताई, जरा तुम्ही बोलता का? तुम्हाला जमतं."

सगळ्या आवारात शांत जागा एकच होती, प्रथमोपचाराची खोली. जाड भिंती, हिरवा पडदा, लोखंडी खाट, आयोडिनचा वास. ताई माणसाला तिथे न्यायची. पुढे पुढे तो रिवाजच पडला. जखम नसताना प्रथमोपचारात बोलावणं आलं, की माणसानं समजून जायचं. पण तिथून बाहेर येताना माणूस ताठ मानेनं यायचा, एवढं खरं.

घरी सासूबाईंना या बढतीची भारी हौस. "सूनबाई, अधिकारी झालीस की आम्हाला भेटायला आधी वेळ घ्यावी लागणार की काय गं?"

"तुम्हाला नाही हो. तुमच्या लेकाला लागेल."

"मग मी रजेवरच जातो," नवरा वहीतून मान वर न काढता म्हणाला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा.

हसण्यावारी नेलं तरी ताईनं त्या खुर्चीवर जीव लावला होता. तिला दरारा नको होता. आपण करतो ते काम आपल्या नावावर लागावं, इतकंच तिला हवं होतं. संध्याकाळी वर्गाला जाऊन तिनं कामगार कायद्याची पदविकाही घेतली होती, पोरं सासूबाईंच्या हवाली करून.

मुलाखती झाल्या. गंमत म्हणजे त्यांची सगळी व्यवस्था ताईनंच केली. खुर्च्या तिनं लावल्या, बाहेरच्या उमेदवारांना पत्रं तिनं पाठवली, मुख्य कचेरीतून आलेल्या दोन साहेबांच्या चहाचंही तिनंच पाहिलं. मग पदर सारखा करून ती स्वतः आत जाऊन बसली. एका साहेबानं विचारलं, "मुलं लहान असतील ना? घरचं कोण बघतं?" ताई म्हणाली, "इतकी वर्षं जे बघताहेत तेच." साहेब हसले. तिला वाटलं, जमलं.

बाहेरच्या उमेदवारांत एक पदवीवाला होता. मोठ्या संस्थेतून शिकून आलेला, नवा कोट, आणि ओठ कोरडे पडलेले. ताईनं त्याला पाणी दिलं. "घाबरू नका. हात टेबलावर ठेवा आणि उत्तर येत नसलं तर येत नाही म्हणून सांगा." त्यानं मान डोलावली. बिचारा, असं तिच्या मनात आलं.

आठवड्याभरानं मोठे साहेब तिच्या टेबलाशी आले. उभेच राहिले. टंकयंत्राच्या झाकणावर बोटं वाजवत म्हणाले, "ताई, एका जुन्या माणसाला सांगायचंय. जागा त्याला देता आली नाही."

ताईला वाटलं, रंगखात्याचा फोरमन. तो कधीपासून अधीक्षकाच्या जागेवर डोळा ठेवून होता. "मी बोलते," ती सवयीनं म्हणाली.

"नाही. या वेळी मलाच बोलायला हवं. फक्त कसं ते सांगा."

ताईला बरं वाटलं. उशिरा का होईना, साहेबांना माणुसकी सुचली. तिनं हातातलं काम बाजूला सारलं आणि साहेबांना चक्क शिकवायला घेतलं. "समजा, मी तो माणूस. बोला."

साहेबांनी घसा साफ केला. "आम्हाला तुमच्या कामाची फार कदर आहे..."

"हे नको. कदर म्हटली की माणूस ओळखतो. पुढचं त्याला ऐकूच येत नाही."

"मग?"

"आधी बसवा. शेजारी बसा, समोर नको. पहिल्याच वाक्यात सांगून टाका, जागा तुम्हाला मिळालेली नाही. मग कारण. पण खरं."

"आणि खरं कारण सांगण्यासारखं नसलं तर?"

"तर गप्प बसा. खोटं कारण दिलंत तर तो ते आयुष्यभर चघळत बसेल."

साहेबांनी दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी बरंच जमलं. "शाबास," असं ताईच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं जीभ चावली. साहेब हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला. ताईंना प्रथमोपचारात बोलावलंय.

ती निघाली. कुणाला लागलं असेल, हेच डोक्यात. चाचणीच्या शेडमधून जाताना पत्र्याच्या दाराशी तिचे पाय थबकले. आजवर त्या खोलीत तिला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावणारी तीच असायची.

साहेब खाटेवर बसले होते. त्यांनी शेजारची जागा दाखवली. ती बसली.

"जागा तुम्हाला मिळालेली नाही," साहेब म्हणाले.

पडद्यामागे नळ ठिबकत होता. ताई वाट पाहत राहिली. साहेब गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसले होते, अगदी शिकवलं होतं तसे. इतकं नीट त्या माणसानं जन्मात कुणाला काही सांगितलं नसेल. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडू येतंय की हात उगारावासा वाटतोय, हेच तिला कळेना.

"कारण?"

साहेब गप्प.

"साहेब, माझंच औषध मला देऊ नका. कारण सांगा."

"कुणालाही तुमच्याबद्दल तक्रार नाही," ते खाली बघत म्हणाले. "उलटच आहे. लोक तुमचं ऐकतात ते तुम्ही ताई आहात म्हणून. उद्या अधिकारी झालात, तुमच्या सहीनं माणसं कमी व्हायला लागली, की या खोलीत कोण येईल तुमच्याबरोबर? दुसरं कुणी हे काम करू शकत नाही. अधिकारी काय, बाहेरून मिळतो."

"म्हणजे मी वाईट काम केलं असतं तर मिळाली असती?"

साहेब उठून पडद्यामागचा नळ घट्ट करायला गेले. हे काही तिनं शिकवलं नव्हतं.

घरी तिनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सांगितलं. सासूबाईंनी हातातली ताटली ठेवून दिली. "मग उद्यापासून काही सांगायला जाऊ नकोस कुणाला. बघू दे त्यांचं त्यांना."

पदवीवाला रुजू झाला. स्वभावानं वाईट नव्हता, हे आणखीच त्रासाचं. रागवायला धड माणूसही मिळेना. पंधरवड्यानं तो तिच्या टेबलाशी आला. "ताई, रंगखात्याच्या फोरमनना कळवायचंय. अधीक्षकाची जागा दुसऱ्याला दिली. जरा तुम्ही बोलता का?"

"नाही."

"मला नाही हो जमायचं."

"जमवायला लागतं. अधिकारी तुम्ही आहात."

"निदान सांगा तरी, कसं बोलू?"

"ते मी एकदा शिकवलं. पुरे झालं."

पदवीवाल्यानं दोन दिवस टाळाटाळ केली आणि तिसऱ्या दिवशी पाळी सुटताना, हजेरीच्या घड्याळापाशी, रांगेत उभ्या असलेल्या फोरमनला गाठलं. शेडच्या घोंघाटात धड ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं सांगितलं. सगळी रांग वळून बघू लागली. कुणीतरी मागून खुदकन हसलं.

फोरमन सरळ ताईकडे आला. पन्नाशीचा माणूस, नखांत निळा रंग.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तो माझा हुद्दा नाही, दादा."

"हुद्दा!" तो म्हणाला. "इतकी वर्षं काय हुद्द्यानं बोलत होतात? तुमचं भांडण साहेबांशी आणि तोंडघशी पाडलंत मला. वा, ताई. झालात की अधिकारी."

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. पण तिचंही चूक नव्हतं. तिनं नाही म्हटलं तर भोगायचं फोरमननं, आणि हो म्हटलं असतं तर जन्मभर त्याच खाटेवर बसून दुसऱ्यांचे निर्णय पाजत राहायचं. साहेबांचं मात्र कुठेच काही अडलं नव्हतं. रविवारी ती फोरमनच्या घरी गेली. त्यानं दार उघडलं नाही, आतून बायकोकरवी निजलोय म्हणून सांगितलं. परत येताना रस्त्यातच तिनं ठरवलं. इथे राहिले तर ताईच राहीन, आणि आता तीही धड नाही. सोमवारी तिनं दुसरीकडे अर्ज धाडायला सुरुवात केली.

वर्ष उलटायच्या आत तिला एका औषधांच्या कंपनीत कर्मचारी अधिकाऱ्याची जागा मिळाली. पुढे ती त्या खात्याची प्रमुख झाली, तिच्या हाताखाली माणसं आली, तिच्या सहीनं कितीतरी जण लागले आणि काही जण गेलेही. जाणाऱ्यांना तिनं स्वतःच सांगितलं. तिथे तिला सगळे मॅडम म्हणत, आणि पहिली काही वर्षं हाक मारली तरी तिला चटकन कळायचं नाही.

मोठे साहेब मुख्य कचेरीत गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. ताईच्या बढतीची बातमी कळल्यावर त्यांनी अभिनंदनाची तार केली. तिनं ती टेबलावर तशीच पडू दिली आणि उत्तर दिलं नाही. पदवीवाल्यानं तीन वर्षांत ते क्षेत्रच सोडलं आणि सासऱ्याच्या छापखान्यात बसू लागला. तिथे त्याचं बरं चाललं. सासूबाई सुनेच्या गाडीत एकदाच बसल्या, दवाखान्यात जाताना. नवरा अजून चित्रं काढतो, डोळे गेलेत तरी.

फोरमन रंगखात्यातूनच निवृत्त झाला. त्याच्या निरोपाच्या कार्यक्रमाला ताई मुद्दाम गेली होती. त्यानं हार घालून घेतला, सगळ्यांशी हात मिळवले. तिच्यापाशी आल्यावर त्यानं नमस्कार केला, पोरांची विचारपूस केली, आणि मॅडम म्हणाला.