खणातला फोन

गल्लीत सगळे त्याला डॉक्टर म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. मोबाईल दुरुस्तीचं दुकान म्हणजे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. पण आतल्या टेबलावर भिंग, दिवा, चिमटे, स्क्रू ठेवायची लोहचुंबकाची पाटी, सगळं कसं जिथल्या तिथे. फोन पाण्यात पडलेला असो की जिन्यावरून घरंगळलेला, डॉक्टरचा हात फिरला की तो पुन्हा बोलू लागे. गिऱ्हाइकांचे चेहरे त्याच्या मुळीच लक्षात राहत नसत. फोन मात्र राहत. कुठल्या फोनची कुठल्या कोपऱ्यात काच फुटली होती, कुणाचं बटण ढिलं झालं होतं, हे तो वर्षानंतरही बिनचूक सांगे.

दुरुस्ती करता करता तो आईबापांना फुकटचा उपदेशही पाजायचा. पोरांच्या फोनवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, ती काय काय उतरवून घेतात ते बघा, कुणाकुणाशी बोलतात ते विचारा. मग त्यांच्यासमोरच तो फोनला लहान मुलांसाठीचं कुलूप लावून देई आणि त्याचा एक पैसा घेत नसे. आईबाप आभार मानत निघून जात. अशा वेळी डॉक्टर खुर्चीत जरा जास्तच ताठ बसायचा, हेही सांगायलाच हवं.

त्याची स्वतःची लेक अकरा वर्षांची. पुढचे दोन दात मोठे आणि सारखं काहीतरी कुरतडायची सवय, म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. शाळा सुटली की ती थेट दुकानात यायची, पाटीवरचे स्क्रू आकाराप्रमाणे लावत बसायची आणि बापाच्या उपदेशाची हुबेहूब नक्कल करून गिऱ्हाइकांना हसवायची. अलीकडे ती दुकानात येईनाशी झाली होती. जेवताना ताटात नुसती बोटं फिरवायची. फोन वाजला की दचकायची, आणि तो उचलून बाथरूमची कडी लावून घ्यायची.

हे आधी आईच्या लक्षात आलं. डॉक्टरची बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. शंभर चादरींतला एक डाग तिच्या नजरेतून सुटत नसे, तिथे पोटची पोर काय सुटणार? एकदा तिचा फोन बघा म्हणून तिने नवऱ्यामागे भुणभुण लावली. त्याने आधी ते हसण्यावारी नेलं. या वयात असंच असतं, म्हणाला. शेवटी एका रविवारी, कटकट मिटावी म्हणून, त्याने तो फोन टेबलावर घेतला.

घेतला तो मात्र खऱ्या डॉक्टरसारखा. शाळेचं एक अ‍ॅप, एक शब्दकोश, एक बुद्धिबळ, बस. गप्पा मारायचं एकही अ‍ॅप नाही. कॉल फक्त आईचे आणि बापाचे. लपवून ठेवलेलं काही सापडतंय का, तेही त्याने उकरून उकरून पाहिलं. काही नव्हतं.

"फोन ठणठणीत आहे," त्याने घरी जाऊन जाहीर केलं.

"फोन असेल ठणठणीत," बायको म्हणाली. "पोरगी नाहीये."

त्यावर तो भडकला. माझा धंदा मला शिकवू नकोस, असं तिला तोडून बोलला आणि दोन दिवस फुगून बसला.

गुरुवारी भर दुपारी बायको कामावरच्या कपड्यांतच दुकानात आली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शाळेत लेकीला उलट्या झाल्या म्हणून बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं. घरी आणून निजवलं, तरी पोरीने फोन मुठीतून सोडला नव्हता. झोप लागल्यावर तो मुठीतच थरथरला. आईने हलकेच काढून घेतला आणि उघडला, तर कॉल नव्हता की मेसेज नव्हता. आपण सामानाच्या याद्या लिहितो ती साधी नोंदवही उघडी होती. वर नाव होतं, 'गृहपाठ'. शेजारणीला लेकीजवळ बसवून ती धावत आली होती. तिने फोन टेबलावर ठेवला.

डॉक्टरने हे नाव रविवारी पाहिलं होतं. पोरगी अभ्यासाचं टिपून ठेवते, म्हणून मनातल्या मनात सुखावून पुढे गेला होता.

आता त्याने वाचलं. एकाच पानावर दोघं जण लिहीत होते. एक त्याची खारूताई, तिच्या चुका तो कुठेही ओळखला असता. दुसरा कोणी तरी मोठा माणूस.

"आज पिवळा फ्रॉक छान दिसला."

"तुम्ही कोण?"

"हा फोन माझा आहे. तुझ्या बाबांनी चोरलाय. त्यांच्या सहीची पावती आहे माझ्याकडे."

"मी परत देते."

"फोन नको. मी सांगेन तसे फोटो काढ. काढलेस की आपोआप येतात माझ्याकडे. तुझ्या फोनातून मग मीच पुसतो. कुणाला बोललीस तर पोलीस तुझ्या बाबांना घेऊन जातील."

त्याखाली पानंच्या पानं होती. "कालचा अंधारात काढलास, उद्या खिडकीपाशी काढ." आणि तिची उत्तरं, बहुतेक एकाच शब्दाची. बरं. काढला. बरं. शेवटची ओळ त्याच दुपारची होती: "शाळेतून लवकर आलीस. का?" ती कुठे आहे हेही त्याला दिसत होतं.

हे कसं झालं ते डॉक्टरला तिथल्या तिथे कळलं. त्याच्याएवढं दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. दुकानाच्या खालच्या खणात तो बेवारस फोन ठेवायचा. दुरुस्तीला टाकायचे आणि फिरकायचंच नाही, अशी गिऱ्हाइकं प्रत्येक दुकानाला असतात. पावतीवर छापलेलं असतं की सहा महिन्यांनंतर दुकान जबाबदार नाही. म्हणजे फोन दुकानाचा, असं सगळे दुकानदार धरून चालतात. असाच एक, डाव्या कोपऱ्यात काच फुटलेला, त्याने नवी काच घालून चार महिन्यांपूर्वी लेकीला दिला होता. फोन उघडायचे आकडे, दुरुस्तीला घेताना विचारलेले, पाठीला चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलेच होते. आतलं खातं मात्र जुन्या मालकाचं होतं. ते काढायला मालकाचा पासवर्ड लागतो, आणि फोन पुसून कोरा केला तर तो पासवर्ड मागत कायमचा अडून बसतो. खात्याशिवाय फोनचा दगड होतो हे त्याला पाठ होतं, म्हणून त्याने खातं तसंच राहू दिलं. अकरा वर्षांच्या पोरीला काय फरक पडतो, असं वाटलं होतं त्याला. मालकाने नवा फोन घेतला असेल, त्यात तेच खातं घातलं असेल, जुना विसरला असेल. एका खात्यावरचे दोन फोन नोंदी, फोटो, ठिकाण, सगळं एकमेकांना दाखवतात. आणि एक दिवस त्याच्या नव्या फोनात एका अनोळखी पोरीचे फोटो येऊन पडायला लागले असतील.

यानंतर त्याने जे केलं ते कुठल्याही शिकाऊ पोराने केलं नसतं. आधी नेट बंद करायचं, मग पुढचं, हे तो इतरांना घसा कोरडा करून सांगायचा. पण बाप झालेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. रागाच्या भरात त्याने त्या पानावर लिहिलं, "कोण आहेस तू? मी तिचा बाप."

पाच-दहा सेकंद काही झालं नाही. मग दोघांच्या डोळ्यांदेखत ओळी जायला लागल्या. खालून वर, एकेक करून, तिच्या 'बरं'सकट. डॉक्टर भानावर येऊन नेट बंद करीपर्यंत पान कोरं झालं होतं.  

त्याने पावत्यांची जुनी पुस्तकं जमिनीवर ओतली. ती पावती सापडली. त्याच्याच अक्षरात 'काच फुटली, डावा कोपरा', खाली एक नंबर, आणि नावाची जागा रिकामी. घाईत तो नावं विचारतच नसे. माणूस काउंटरला टेकून उभा असणार, दोन शब्द बोललाही असणार. डॉक्टरने डोळे मिटून त्याचा चेहरा आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. त्याला फक्त काच आठवली.

घरी लेक उठून बसली होती. बापाच्या हातातला फोन पाहून ती पांढरीफटक पडली. "तुम्ही त्यात काही लिहिलंत का?" तिने विचारलं. त्याने 'हो' म्हणून मान हलवली. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

बायको म्हणाली, पोलिसांत जायचं, आत्ताच. डॉक्टर घुटमळला. तिथे फोन कुठून आणला ते सांगावं लागणार, दुकानाला टाळं लागेल, गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात येऊन गेलं. त्याची त्याला लाज वाटली, पण आलं खरं. तो पुटपुटला की फोनच मोडून टाकू, आत काही उरलंच नाहीये आता.

"त्याच्याकडे आहेत ते फोटो कसे मोडणार?" बायकोने विचारलं आणि लेकीच्या पायात चपला घातल्या.

चौकीतली खोली स्वच्छ होती, खिडकीतून ऊन येत होतं. समोरच्या अधिकारी बाई वयाने डॉक्टरएवढ्याच असतील. त्यांनी पावती फाईलला लावली, फोन एका पाकिटात घालून बंद केला. पुसलेलं परत मिळेल का, याचं त्यांनी खोटं आश्वासन दिलं नाही. कंपनीकडे मागणी करावी लागेल, वेळ लागेल, म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची लेकीच्या बाजूला ओढली आणि विचारलं, तुला आठवेल तेवढं सांगशील का?

तिला सगळं आठवत होतं. पहिल्या दिवसापासून, तारखांसकट, त्याने काय लिहिलं आणि आपण काय लिहिलं, ती एका सुरात सांगत गेली. शाळेत कविता म्हणून दाखवतात तसं. कधी तरी अडली की ओठ हलवून मागची ओळ मनात म्हणायची आणि पुन्हा चालू व्हायची. बाई लिहीत होत्या. आईने पदराचा बोळा तोंडात धरला होता. डॉक्टर जमिनीकडे बघत बसला. हीच पोरगी त्याची नक्कल करून दुकान हसवायची, आणि चार महिने रोज रात्री त्याच्यासमोर ताट घेऊन बसायची.

पाऊण तासाने ती थांबली. बाईंनी पाणी दिलं.

"बाळ, तुझे बाबा तर फोनमधले एवढे माहीतगार. त्यांना का नाही सांगितलंस?"

लेकीने बापाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"फोन दिला तेव्हा बाबांनीच सांगितलं होतं, कुठून आणला ते कुणाला बोलू नकोस. म्हणून मला वाटलं, तो माणूस खरंच सांगतोय."

डॉक्टरला असं काही बोलल्याचं आठवत नव्हतं. टेबलावरून मान वर न करता, चिमटा हातात धरून, सहज बोलला असेल. असं तो दिवसातून दहा वेळा काही ना काही बोलत असे. पण वाक्य त्याचंच होतं, यात शंका नव्हती.

बाईंनी पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

"लिहा," तो म्हणाला. "फोन गिऱ्हाइकाचा होता. त्याला न विचारता मी दिला. बोलू नकोस असं मीच सांगितलं."

पेन कागदावर चालू लागलं. इतका वेळ डोळ्यांत टिपूस न आणलेली पोर त्या पेनाकडे बघत एकदम हुंदके देऊन रडायला लागली.

"आता तुम्हाला नेतील," ती म्हणाली. "मी चार महिने कुणाला काही बोलले नव्हते, बाबा."