होकार देणाऱ्या बाईंचा कान

मित्रांनो, मी एक जुना लेझर आहे, कानाच्या ऑपरेशनचा. गेल्या आठवड्यात रुग्णालयाच्या भांडारवाल्याने माझ्या पाठीवर ‘निकामी’ अशी चिठ्ठी चिकटवली. चिकटवू दे. मी निकामी नाही आणि हे मी सांगणारच.

कारखान्यात मला आरसे बसवले, लांब हात दिला, पायाने दाबायचे पेडल दिले. इथे आलो तेव्हा डॉक्टरीणबाई पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत. मग नवा लेझर आला आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर हातमोज्यांची खोकी रचू लागले. त्याचा राग मला अजून आहे.

परवा नवा लेझर ऐन वेळी बंद पडला. टेबलावर एक शिंपीणबाई होत्या. कानात तांदळाच्या दाण्याहून लहान हाड असते. त्यांचे ते हाड घट्ट होऊन हलेनासे झाले, म्हणून सहा वर्षांपूर्वी तिथे बारीक दांडी बसवली होती. ती सरकली आणि तिच्याभोवती मांसाचे जाळे धरले. दुसरा कानही मंदच. दांडी आकड्याने ओढावी, तर आतला कान दुखावून उरलेसुरले ऐकणेही जाते. मी ओढत नाही. मी जाळे थोडेथोडे जाळतो.

खोकी उतरली. मला आधी लाकडी पट्टीवर चालवून पाहिले. काळा ठिपका नेमक्या जागी उठला. उठणारच.

बाईंची एक खोड होती. ऐकू आले नाही की ‘हो’ म्हणायचे. गिऱ्हाईक म्हणे, बाही लांब ठेवा. बाई ‘हो’ म्हणत आणि आखूड कापत. गिऱ्हाइके तुटत चालली होती. त्यांच्या नणंदेने दारातच सिस्टरना बजावले होते, “आमची वहिनी सगळ्यालाच हो म्हणते. फसू नका.”

या ऑपरेशनात फक्त कान बधिर करतात, माणूस जागा असतो. जुनी दांडी निघाली, नवी बसली. डॉक्टरीणबाईंनी कुजबुजत विचारले, “ऐकू येतंय का?”

“हो.”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सिस्टर मात्र पुढे झाल्या आणि तितक्याच हळू म्हणाल्या, “बाई, तुमचं नाव काय?”

“हो.”

कोणी हसले नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. दांडीच्या टोकाशी जाळ्याचा एक धागा राहिला होता. माझे तीन ठिपके पुरले. दांडी नीट बसली.

“दुखतंय का?” पुन्हा कुजबुज.

“नाही,” बाई म्हणाल्या. “आणि एवढं हळू का बोलताय? कोणी झोपलंय का इथं?”

सिस्टरनी डोळे पुसले. मला डोळे नाहीत, नाहीतर मीही पुसले असते.

मित्रांनो, दया नको. माझे आरसे पुसत जा, तपासणी वेळेवर करा, बस. आणि तुमच्या घरी कोणी सगळ्यालाच ‘हो’ म्हणत असेल, तर चिडू नका. ज्याचे उत्तर ‘हो’ होऊच शकत नाही, असे काहीतरी हळूच विचारा. उत्तर चुकले, तर त्यांना इकडे घेऊन या. ते येईपर्यंत मी इथून हलत नाही.