अल-हिलाल आणि पलूसचं मंडळ
पलूसच्या फुटबॉल मंडळाचं नाव दर निवडणुकीनंतर बदलतं. यंदा निवडून आलेल्या राजवर्धनदादांचं नाव देण्याचा ठराव आला, तेव्हा प्रशिक्षक जोतीराम उठले. ते निवृत्त हवालदार, शांतिसेनेबरोबर सुदानला राहून आलेले.

"दादा, आता तरी गावाचंच नाव ठेवा. सुदानात अल-हिलाल क्लब हाय. चंद्रकोर बघून नाव ठेवलं, नव्वदच्या वर वर्षं झाली. लढाईपायी परमुलखात खेळत्यात, पण नाव न्हाई बदललं."

"आवं हवालदार, त्यास्नी खंबीर नेतृत्व न्हाई," दादा कळवळून म्हणाले. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

पहिल्याच सामन्यात दादांचा फोटो छापलेली जर्सी घालून पोरांनी गोल केला. प्रेक्षकांना चालू नाव आठवेना. ते "पलूस, पलूस" ओरडू लागले.

दादांनी हवालदारांना बाजूला घेतलं. "ही माणसं कुठल्या गटाची?"

"गावातली," जोतीराम म्हणाले.