माझ्या स्वच्छ पात्याची लाज

मित्रांनो, मी एक जुने फावडे आहे. फावडे म्हटल्यावर लांब दांड्याचे, खांद्यावर टाकून न्यायचे फावडे तुमच्या डोळ्यांसमोर आले असेल. मी तेवढे मोठे नाही. मी जेमतेम वीतभर आहे आणि पाठीवरच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सहज मावते. माझे काम काय, हे सांगताना मला आजही अवघडल्यासारखे होते. म्हणून आधी जन्माचे सांगते.

एका लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्यातून मला घडवले. माझ्याबरोबर त्याने आणखी काही फावडी केली होती. ती सगळी एका रोपवाटिकेत गेली. मीही तिथेच जाणार, गुलाबाच्या मुळांशी माती भुसभुशीत करणार, अशी स्वप्ने मी बघत होते. पण दुकानात एक परिचारिका आली. तिने माझे पाते बोटाने चाचपले आणि कठीण जमिनीत हे वाकणार तर नाही ना, असे विचारले. लोहाराला वाटले, तिला कुंड्यांसाठी हवे असेल.

"कुंड्यांना नको हो. जंगलात राहायला जातो, तिथं शौचाला खड्डा करायला हवंय," ती सरळ म्हणाली.

लोहार उगाचच भात्याकडे बघू लागला. मला तर वाटले, त्याने मला पुन्हा भट्टीत घालावे आणि खिळे करावेत.

ती परिचारिका म्हणजे आमची आत्या. तिची भाची तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही म्हणते. रुग्णालयातून सुटी मिळाली की आत्या भाचीला घेऊन डोंगरातल्या पायवाटेने निघायची. वाट दाट झाडीतून एका धबधब्यापाशी जायची. तिथे खोली नाही, नळ नाही, दिवा नाही. दोन झाडांना दोरी बांधायची, तिच्यावर ताडपत्री टाकायची, तीन दगडांवर पातेले ठेवायचे, की झाले घर. पाणी ओढ्याचे. ते दिसायला कितीही निर्मळ असले तरी आत्या ते खळाखळा उकळूनच प्यायला द्यायची.

आणि मग माझी पाळी यायची. ओढ्यापासून चांगले लांब, जिथून पावसाचे पाणीही ओढ्याकडे वाहून जाणार नाही अशी जागा आत्या शोधायची. माझ्याकडून हातभर नाही, पण चांगला खोल खड्डा करून घ्यायची. काम झाले की माती परत लोटायची, वर पालापाचोळा पसरायची. भाची लहान होती. ती नाक मुरडायची. आत्या म्हणायची, "मांजराला कळतं गं एवढं. आपण तर शाळेत गेलोय."

एकदा एक वनरक्षक फिरत तिथे आला. आमची आवराआवर झाली होती. त्याने सगळीकडे नजर टाकली आणि विचारले, "तुम्ही राहिला होतात कुठं?" आत्या इतकी खूश झाली की घरी पोहोचेपर्यंत गुणगुणत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या कामाची लाज वाटली नाही.

पुढे आत्याचे गुडघे बोलू लागले. तिने मला भाचीच्या हवाली केले. भाची तेव्हा नोकरीला लागली होती. ऑफिसातल्या लोकांना तिने जंगलाच्या गोष्टी सांगून सांगून भारावून टाकले होते. शेवटी चौघे जण तिच्याबरोबर यायला निघाले. त्यांत एक उंच, सतत थट्टा करणारा होता. त्याला सगळे लंबू म्हणायचे. एक हिशेब विभागातली अबोल मुलगी होती. बाकीचे दोघे जण लंबू हसला की हसायचे.

धबधब्यापाशी ताडपत्री बांधून झाली. काडेपेटी शोधताना लंबूने भाचीच्या पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढले.

"हे काय? इथं शेती करायची आहे का?"

सगळे भाचीकडे बघू लागले. मी वाट बघत होते, की आता ती आत्यासारखे सरळ सांगेल. भाचीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"अरे, ते कुंड्यांचं आहे. चुकून आलं," ती म्हणाली.

मित्रांनो, कुंड्यांचे असावे, ही माझी लहानपणची इच्छा होती. पण त्या क्षणी ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लंबूने मला ताडपत्रीच्या कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवून दिले आणि पुढचे दोन दिवस मी तिथेच पडून राहिले. जो तो उठायचा आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठच्या खडकांआड जायचा. भाचीही त्यांच्या मागोमाग तिकडेच गेली. जाताना तिने माझ्याकडे एकदा बघितले आणि मान वळवली.

खालच्या डोहापाशी आणखी एक कुटुंब उतरले होते. सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारा बाप, त्याची बायको आणि त्यांची छोटी. छोटी दिवसभर पाण्यात खेळायची आणि ओंजळीने पाणी प्यायची. तिच्या खिदळण्याचा आवाज आमच्यापर्यंत वर यायचा.

निघायच्या दिवशी सकाळी तो आवाज आला नाही. थोड्या वेळाने बापच धापा टाकत वर आला. छोटीला पहाटेपासून उलट्या-जुलाब होत होते आणि आता ती पार गळून गेली होती. कुणाकडे काही औषध आहे का, असे तो विचारत होता. आमच्यातल्या कुणीच एकमेकांकडे बघितले नाही. लंबू बुटाची नाडी बांधत बसला. ती बांधलेलीच होती.

भाचीने मात्र पातेले चुलीवर चढवले. पाणी खळाखळा उकळून, निववून तिने त्यात मीठसाखर घातली आणि ती खाली धावली. छोटीला घोट घोट पाजत सगळ्यांनी आळीपाळीने उचलून डोंगराखाली आणले. लंबूने सर्वांत जास्त वेळ उचलले, हे मला सांगितलेच पाहिजे. फोन लागू लागताच भाचीने आत्याला कळवले आणि सगळे आत्याच्याच रुग्णालयात पोहोचले.

छोटीला सलाईन लावली. बाहेरच्या बाकावर तिचा बाप डोके धरून बसला होता. भाचीच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत मी. माझे पाते लखलखीत होते. मातीचा एक कणही त्याला लागलेला नव्हता. त्या स्वच्छपणाची मला जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यभर केलेल्या घाणीच्या कामाची कधी वाटली नाही.

आत्या कागद घेऊन आली आणि पोरीने कुठले पाणी प्यायले, असे तिने विचारले.

"ओढ्याचं. मीच पाजलं हो," बाप म्हणाला. "म्हटलं, धबधब्याचं पाणी, याहून चांगलं कुठं मिळणार? माझीच चूक."

भाची उठून उभी राहिली.

"दादा, तुमची नाही. वरच्या अंगाला, पाण्याकाठी आम्ही घाण केली होती. खड्डा करायला फावडं होतं माझ्याकडे. चारचौघांत काढायची लाज वाटली मला."

बाप उठला आणि आत छोटीपाशी जाऊन बसला. तो ओरडला असता तर बरे झाले असते. लंबूने तोंड फिरवले. पुढे डॉक्टर म्हणाले, की त्या पाण्यानेच झाले असे खात्रीने सांगता येणार नाही. पण भाचीला त्या वाक्याने काडीचाही आधार मिळाला नाही. मलाही नाही.

आत्या रागावली नाही. तिने भाचीला पाणी दिले आणि ती म्हणाली, "तुला शिकवताना मी लपवलं नव्हतं काही. लपवायचं कुठून शिकलीस?"

छोटी दोन दिवसांनी बरी होऊन घरी गेली. मी मात्र कितीतरी महिने गॅलरीत पडून होते. माझ्या दांड्याला बुरशी आली. भाची कपडे वाळत घालायला यायची आणि मला वळसा घालून जायची. मग एका सुटीला तिने मला घासले, तेल लावले आणि ती पुन्हा निघाली. या वेळी नवी माणसे होती. वाटेला लागण्याआधीच तिने मला सगळ्यांसमोर धरले आणि माझे काम सांगितले. तिचे कान लाल झालेच. दोघे जण फिसकन हसलेही. पण ती थांबली नाही, पूर्ण सांगूनच थांबली.

जुन्या चौघांपैकी तिच्याबरोबर पुन्हा कुणी आले नाही. फक्त हिशेबातल्या त्या अबोल मुलीचा एकदा फोन आला. ती भावंडांना घेऊन जंगलात जाणार होती. बराच वेळ ती हवापाण्याचे बोलत राहिली आणि मग हळूच, जवळजवळ कुजबुजत तिने विचारले, "ते तसलं फावडं... कुठं मिळतं गं?"

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी जंगलात जाल. ओढ्याच्या खालच्या अंगाला कुणीतरी ओंजळीने पाणी पीत असेल, ते तुम्हाला दिसणारही नाही. तेव्हा निघण्याआधी माझी चौकशी जरूर करा. आणि शक्य झाले तर जरा मोठ्याने करा.